एका ग्रुपवर रोज स्पॅम, दुसऱ्यावर वर्षभर एकही नाही: फरक नेमका कुठे पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे एक भाऊ तीन ग्रुप सांभाळतात. मनीषनगरातल्या त्यांच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, १४० जणांचा. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, सुमारे ९०० जणांचा. आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा टेलिग्राम ग्रुप, ११ हजारांच्या वर. सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभरात एकही स्पॅम नाही, संत्र्याच्या ग्रुपवर तोडीच्या दिवसांत एकदम वाढतो, आणि टेलिग्रामवर रोज असतो. "तिन्हीकडे ॲडमिन मीच, नियमही तेच. मग काहून होऊन राहिलं असं?" असं ते विचारतात.

भाऊ, नियम तेच असतील, पण स्पॅम टाकणारा नियम वाचतच नाही. रस्त्याच्या कडेला दुकान मांडणाऱ्यासारखा तो हिशेब करतो: बसायला जागा सहज मिळते का, समोरून कोण जातं, आणि कुणी उठवेपर्यंत किती वेळ मिळतो. तुमच्या तीन ग्रुपमध्ये या तिन्हीचं उत्तर वेगळं आहे, म्हणून स्पॅमही वेगळा. पहिल्या दोन गोष्टींबद्दल सगळेच बोलतात. तिसरी, म्हणजे टाकलेला मजकूर किती वेळ टिकतो, फारसं कुणी मोजत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तीच पाडते आणि ॲडमिनच्या हातातही तीच सगळ्यात जास्त असते.

तुमच्या ग्रुपच्या सेटिंग मला दिसत नाहीत. संत्र्याच्या ग्रुपची लिंक आजवर कुठेकुठे गेली, टेलिग्रामवर किती ॲडमिन खरोखर जागे असतात, हे मला माहीत नाही. त्यामुळे पुढचं काही तुमच्याकडे तंतोतंत लागू पडेल, काही नाही. कोणतं लागू पडतं ते ठरवायला शेवटी एक सोपी नोंद सांगतो. आणखी एक: सकाळची फुलं, सुविचार, देवाचे फोटो याला मी इथे स्पॅम म्हणत नाही. ती आपल्याच माणसांची सवय आहे, तिचा इलाज वेगळा.

स्पॅम टाकणारे दोन जातींचे असतात आणि ही फोड आधी करावी लागते. सीताबर्डीला व्हरायटी चौकात हँडबिल वाटणारा समोरच्या माणसाचं तोंडही बघत नाही, येईल त्याच्या हातात कागद देतो. कळमन्याच्या बाजारात उभा असलेला भामटा मात्र कोणाचा माल विकला गेला, कोणाच्या खिशात पैसे आहेत, कोण नवखा आहे हे हेरत असतो. ऑनलाइन ग्रुपमध्येही तसंच. पहिली जात यंत्राची: एक प्रोग्राम शेकडो ग्रुपमध्ये शिरतो आणि सगळीकडे तीच सट्ट्याची, घरबसल्या कमाईची किंवा शेअर टिप्सची लिंक टाकतो. विषयाशी त्याला घेणंदेणं नसतं, दार उघडं दिसलं की तो आत. दुसरी जात माणसाची. ती विषय बघूनच येते. तुमच्या टेलिग्रामवर बहुतेक पहिली जात असणार आणि संत्र्याच्या ग्रुपवर दुसरी. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

विषयापेक्षा दार महत्त्वाचं, हे इंटरनेटवर फार आधी दिसून आलं. १२ एप्रिल १९९४ ला अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्याच्या, साडेपाच हजारांहून जास्त चर्चागटांत एकाच झटक्यात टाकली. ज्या गटांत प्रत्येक संदेश आधी नियंत्रकाकडे जायचा, त्यांच्याकडे असल्या जाहिराती अडवायची सोय होती. उघड्या गटांकडे ती नव्हती. पुढे तेच उघडे गट भरत गेले. गुगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून गुगल ग्रुप्समधली यूजनेटची सोय बंद केली, तेव्हा दिलेल्या कारणांत स्पॅमचा उल्लेख होता.

आता तुमची दारं बघू. सोसायटीच्या ग्रुपमध्ये येणारा माणूस फ्लॅट नंबरने ओळखला जातो आणि त्याला सेक्रेटरीच आत घेतो. लिंक फिरतच नाही. तो ग्रुप स्वच्छ आहे यात सभासदांच्या सज्जनपणाचा वाटा थोडा, दाराचा जास्त. संत्र्याच्या ग्रुपची लिंक मात्र कृषी केंद्राच्या काउंटरवर क्यूआर चिकटवून, मेळाव्याच्या पत्रकावर छापून, दुसऱ्या दहा ग्रुपमध्ये "जुडा रे भाऊ" म्हणून पुढे गेलेली असते. व्हॉट्सॲपची आमंत्रण लिंक रीसेट करेपर्यंत चालूच राहते. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रकावरची लिंकही तुम्ही बदलली नसेल तर आज उघडते. फेब्रुवारी २०२० मध्ये अशा लिंक मोठ्या संख्येने गुगलच्या शोधात दिसत असल्याचं उघड झालं होतं. आजही नुसत्या ग्रुपच्या लिंक गोळा करून मांडणाऱ्या वेबसाइट आहेत. तुमच्या ग्रुपचं नाव अवतरण चिन्हात घालून एकदा गुगलवर शोधा. सापडलं, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

टेलिग्रामचा सार्वजनिक ग्रुप त्याहून उघडा. त्याला युजरनेम असतं, तो नावाने शोधता येतो आणि सामील न होताही आतलं वाचता येतं. यंत्राला "एमपीएससी" शब्द टाकून शंभर ग्रुप काढायला वेळ लागत नाही. संख्येची गोष्टही आहेच: व्हॉट्सॲपच्या ग्रुपची मर्यादा १,०२४, टेलिग्रामची २ लाख. एका संदेशात ११ हजार जण गाठता येत असतील तर त्यासाठी नवीन सिम वाया गेलं तरी त्याला परवडतं.

समोरून कोण जातं, हा दुसरा भाग. तुमचा संत्र्याचा ग्रुप एरवी शांत असतो, कारण एरवी तिथे पैसा फिरत नाही. संत्र्याचे बहार दोन: आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्या दिवसांत लोक ग्रुपवर काय टाकतात ते बघा: गावाचं नाव, झाडं किती, बागेचा फोटो, अपेक्षित भाव आणि मोबाइल नंबर. म्हणजे ठगाला हवी असलेली सगळी माहिती एका ओळीत. तो बऱ्याचदा ग्रुपवर काही टाकतही नाही. थेट फोन करतो: "बाग पसंत आहे, सौदा पक्का समजा. विसार म्हणून दहा हजार पाठवून राहिलो, क्यूआर पाठवला आहे, स्कॅन करा आणि पिन टाका, जमा होतात." इथेच माणूस फसतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. स्कॅन करून पिन टाकला की दहा हजार येण्याऐवजी जातात. हे वाक्य हंगामाच्या सुरुवातीलाच ग्रुपच्या वर्णनात टाका आणि दर सोमवारी परत पाठवा. पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फाइलचंही, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणाऱ्या फाइलचंही तसंच. सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सॲपवरून फाइल म्हणून येत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" दिसलं की ती उघडायची नाही, मग नाव लग्नपत्रिकेचं असो की ट्रॅफिक चालानचं.

म्हणून "ग्रुपवर स्पॅम दिसत नाही" याचा अर्थ "ग्रुप सुरक्षित आहे" असा धरू नका. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये आत आलेल्या कुणालाही बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. एक माणूस शिरला, ९०० नंबर उतरवून घेतले आणि निघून गेला, तर ग्रुपवर काहीच दिसणार नाही. पंधरा दिवसांनी सगळ्यांना खासगीत मेसेज सुरू होतील आणि कुणालाच कळणार नाही की कुठून. ज्यांना फक्त भाव आणि हवामानाच्या सूचना वाचायच्या आहेत, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप कम्युनिटीतला घोषणा ग्रुप बरा. तिथे सभासदाचा नंबर ॲडमिनला आणि ज्यांनी तो सेव्ह केला आहे त्यांनाच दिसतो. टेलिग्रामवर १०० हून जास्त सभासद असतील तर सदस्य यादी लपवता येते. तुमची ११ हजारांची आहे, आजच लपवा.

आता तिसरी गोष्ट. समजा टेलिग्रामवर रात्री १.१५ ला लिंक पडली. शेवटचा ॲडमिन १२ ला झोपला. पहाटे ५.३० ला लवकर उठणारी मुलं फोन उघडतात, पहिल्या शंभर जणांना ती दिसते. ७ वाजता कुणीतरी "हे खरं आहे का?" म्हणून तीच लिंक परत टाकतं, म्हणजे आता ती ग्रुपमध्ये दोनदा आहे. ९ ला ॲडमिन काढतो. पावणेआठ तास. टाकणाऱ्याच्या बाजूने बघा: शंभर ग्रुपमध्ये एकच लिंक टाकली, नव्वद ठिकाणी ती पाच मिनिटांत गेली, दहा ठिकाणी सकाळपर्यंत राहिली आणि क्लिक त्या दहातूनच आल्या. उद्या तो कुठे परत येईल? त्या दहातच. नवीन सिम, नवीन नाव, पण पत्ता तोच. रोज स्पॅम येणारा ग्रुप बऱ्याचदा कुणाच्या यादीत "इथे टिकतं" म्हणून नोंदवला गेलेला असतो. उलट, सलग दोन-तीन आठवडे मजकूर पाच-दहा मिनिटांत उडत राहिला तर प्रयत्नच कमी होतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, इथेच बहुतेक ॲडमिन हार मानतात.

म्हणजे एवढं धरून चला: सोसायटीचं दार बंद आहे. संत्र्याच्या ग्रुपचं दार उघडं आणि हंगामात आत पैसा. टेलिग्रामवर दार सताड उघडं, गर्दी मोठी, आणि रात्री राखणदार नाही.

यातून काम कसं काढायचं? जे साधन ज्या ॲपमध्ये आहे तेच वापरावं लागतं. व्हॉट्सॲपमध्ये एखाद्या नव्या सभासदापुरतं "पहिले तीन दिवस लिंक टाकता येणार नाही" असं काही नाही. एकदा आत आला की तो सगळ्यांसारखाच. त्यामुळे सगळा भार दारावर. ग्रुपच्या नावावर टॅप करा, ग्रुप परवानग्यांमध्ये जा, नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल हा पर्याय सुरू करा आणि सभासद जोडायचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा. मग आमंत्रण लिंक रीसेट करा. क्रम हाच ठेवा. आधी लिंक बदलली आणि मंजुरी सुरू करायला विसरलात, तर नवी लिंक आठवड्याभरात तितकीच फिरलेली असते.

मंजुरी देताना काय बघायचं? नाव आणि फोटो बघून काही कळत नाही, दोन्ही कुठूनही उचलता येतात. विनंती आलेल्या नंबरला एक साधा मेसेज करा: "गाव कोणतं, झाडं किती, खुंट जंबेरी की रंगपूर?" बागायतदार याचं उत्तर झोपेतही देतो. ठगालाही हे शोधून काढता येईल, पण त्याच्यापुढे दुसरे शेकडो ग्रुप उघडे पडले असताना तो तुमच्या प्रश्नाशी झुंजत बसत नाही. व्यापाऱ्यांनाही घ्या, पण त्यांना बाजारातला गाळा किंवा ओळखीच्या दोन बागायतदारांची नावं विचारा. दिवसाला पाच-सहा विनंत्या येत असतील तर हे दहा मिनिटांचं काम आहे. हंगामात वाढेल, तेव्हा दोघांनी वाटून घ्या.

टेलिग्रामवर उलटं. ११ हजारांच्या ग्रुपचं दार बंद केलं तर नवी मुलं येणंच थांबेल, आणि त्या ग्रुपचा उपयोगच तो आहे. तिथे भार टिकण्याच्या वेळेवर टाका. सर्वसाधारण परवानग्यांमध्ये लिंकचं प्रीव्ह्यू आणि मीडिया बंद करा. स्लो मोड लावा, म्हणजे एका सभासदाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. तो १ तासापर्यंत नेता येतो, पण चर्चेच्या ग्रुपला ३० सेकंद ते १ मिनिट पुरे. मोठ्या ग्रुपसाठी आक्रमक अँटी-स्पॅम असा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो सुरू करा आणि पहिले काही दिवस त्याने काय काढलं ते हालचालींच्या नोंदीत तपासा, कारण कधीकधी खऱ्या मुलाचा मेसेजही उडतो. राखण करणारा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लावायचा तर त्याला मेसेज काढणं आणि सभासदाला बाहेर करणं एवढेच अधिकार द्या. नवीन ॲडमिन नेमण्याचा अधिकार बॉटला कधीच देऊ नका. बॉटमध्ये नियम दोनच ठेवा: आल्यावर एक बटण दाबल्याशिवाय लिहिता येणार नाही, आणि पहिले तीन दिवस लिंक व फॉरवर्ड बंद. दहा नियम लावले की मुलं वैतागतात आणि ॲडमिनलाही कळेनासं होतं की मेसेज कोणत्या नियमाने उडाला. पीडीएफ आणि सूचनांसाठी वेगळं चॅनल ठेवा, तिथे फक्त ॲडमिन टाकतात. मग चर्चेच्या ग्रुपवर फाइल बंद ठेवली तरी कुणाचं अडत नाही.

राखणदारी वाटतानाही विचार हवा. पाच ॲडमिन आणि पाचही रात्री ११ ला झोपणारे असतील तर ते एकाच ॲडमिनसारखे. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसणारा एक, पहाटे चारला उठणारी एक, असे शोधा. बागायतदारांत रात्रीची वीज असते तेव्हा ओलितासाठी जागणारी माणसं असतातच, त्यांतल्या एकाला विचारा. ९०० जणांना चार-पाच ॲडमिन पुरे. पंचवीस केले तर कुणाचं तरी खातं चोरीला जाईल आणि चोर ॲडमिन म्हणून आत बसेल. प्रत्येक ॲडमिनच्या व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन असलंच पाहिजे, ज्याला ते नको त्याला ॲडमिन करू नका.

जुन्या, ओळखीच्या सभासदाकडून स्पॅम आला तर त्याला चारचौघांत झापू नका. बहुतेक वेळा त्याचं खातं चोरलेलं असतं. त्याला आधी साधा फोन करा, व्हॉट्सॲपवर नको, कारण तिथे चोर बसलेला आहे. खात्री होईपर्यंत ग्रुपमधून बाहेर काढा आणि मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. त्याला आपल्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये नंबर पुन्हा नोंदवायला सांगा. एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकला की दुसरीकडचं खातं आपोआप बंद होतं. मग लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही दिसलं तर तेही काढायचं. त्याने एपीके उघडली असेल तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील, नुसता फसवा फोन किंवा मेसेज असेल, तर संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवरच्या चक्षू सोयीत नोंदवा.

दोन चुका फार दिसतात. पहिली, घाबरून "फक्त ॲडमिन लिहू शकतील" करणं. स्पॅम थांबतो, पण भाव विचारणंही थांबतं आणि महिन्याभरात लोक दुसऱ्या ग्रुपवर जातात, जिथे दार उघडं आहे. दुसरी, स्पॅमला उत्तर देणं. कुणी त्याच्या मेसेजला रिप्लाय करून शिव्या घातल्या की मूळ मेसेज काढल्यावरही त्या उत्तरात त्याचा मजकूर उरू शकतो. सभासदांना एकच सवय लावा: काही बोलायचं नाही, ॲडमिनला खासगीत स्क्रीनशॉट पाठवायचा.

बरेच ॲडमिन जबाबदारी अंगावर येईल या भीतीने ग्रुपच बंद करतात. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. हा काही कायद्याचा सल्ला नव्हे, पण त्या भीतीपायी चांगला चाललेला ग्रुप बंद करू नका.

आता ती नोंद. वहीत किंवा एक्सेलमध्ये पंधरा दिवस चार रकाने भरा: सभासद कधी आत आला, स्पॅम कधी टाकला, कधी काढला, पहिल्यांदा कुणी कळवलं. आल्यापासून टाकेपर्यंत काही मिनिटंच गेली असतील तर यंत्र आहे, दारावरचं बटण कामी येईल. तीन-चार दिवस गप्प बसून मग टाकला असेल तर माणूस आहे किंवा विकत घेतलेलं खातं; तिथे लिंकवरची तीन दिवसांची बंदी सात करा. आत येण्याची तारीख वर्षापूर्वीची असेल तर चोरीचं खातं. आणि टाकल्यापासून काढेपर्यंतचा वेळ रात्रीच लांबत असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी रात्रीचा एक ॲडमिन शोधा. पंधरा दिवसांनी हे रकाने नावं आणि नंबर काढून इथेच टाका, मग तुमच्या टेलिग्रामसाठी नेमकं काय बदलायचं ते आकडे बघून सांगता येईल.